दुधाच्या दातांचा रंग बदलला, तर पडायची वाट पाहू नका

सकाळी चूल पेटली की पहिला चहा होतो. घरातले मोठे माणूस बशीत चहा ओतते, मांडीवरचे दीड-दोन वर्षांचे लेकरू बशीला तोंड लावते, त्यात बिस्कीट बुडवून खाते. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनपासून परतूरपर्यंत कोणत्याही गावात जा, हे चित्र दिसेल. मग एक दिवस लेकरू हसते आणि आईला त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीच्या कडेला, चुना लागल्यासारखा पांढरा पट्टा दिसतो. दोन-चार महिन्यांत तो पट्टा पिवळा होतो, मग तपकिरी, मग काळा. सून म्हणते, "आत्याबाई, लेकराचे दात काळे पडायलेत, दवाखान्यात दाखवावं का?" सासू म्हणते, "अगं माय, दुधाचे दात हायेत ते. पडतीलच की! कामून पैसे घालती?"

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. दुधाचे दात पडणारच. पण कधी पडणार, याचा हिशेब आपण करत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो.

दुधाच्या दाताचे वय किती?

लेकराला साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात येतो. कुणाला थोडा आधी, कुणाला वर्षाच्या आतबाहेर. अडीच-तीन वर्षांपर्यंत वर दहा आणि खाली दहा असे वीस दात पुरे होतात. हे दात पडायला सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात होते. पण आधी पडतात ते पुढचे. दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे दोन वर्षांच्या लेकराची दाढ किडली, तर त्या दाढेचे अजून आठ-नऊ वर्षे काम बाकी असते. इतकी वर्षे लेकराने भाकरी कशाने चावायची?

दुसरे असे की, दुधाचा दात पक्क्या दातासाठी जागा राखून ठेवतो. शेजारच्या शेताचा बांध सरकावा तसे दातांचे आहे. मधली दाढ वेळेआधी काढावी लागली, की आजूबाजूचे दात त्या जागेकडे सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही. तो वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकतो. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाशीच पक्का दात तयार होत असतो. वरच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खालच्या कोवळ्या दातालाही इजा पोचू शकते. दात दुखतो म्हणून लेकरू नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही, वजन वाढत नाही. अंगणवाडीच्या तक्त्यावर वजनाची रेघ खाली का गेली, याचे उत्तर कधी कधी लेकराच्या तोंडातच असते.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत ठाऊक नसते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ असते. ती पुन्हा येत नाही. तोंडात आधीच किडके दात असतील, तर या दाढेलाही कीड लवकर लागते. दुधाच्या दातांची हेळसांड अशी पक्क्या दातांपर्यंत जाते.

आधी पुसा, मग बघा

दाताचा रंग बदलला म्हणजे दात किडलाच असे नाही. पिकाचे पान पिवळे पडले, की आपण लगेच एकच औषध फवारत नाही. पाणी जास्त झाले, खत कमी पडले की रोग आला, हे आधी बघतो. दाताचेही तसेच आहे. रंग कोणता, डाग कुठे आणि किती दातांवर, एवढे नीट पाहिले तरी पुष्कळ कळते.

बघायची पद्धत सोपी आहे. दोघींनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे. लेकराचे तोंड आईकडे ठेवून, डोके दुसरीच्या मांडीवर टेकवावे. म्हणजे लेकरू आईकडे बघत राहते, रडले तरी तोंड उघडतेच. उजेडाकडे बसून वरचा ओठ बोटाने हळूच वर करावा. स्वच्छ ओल्या फडक्याने दात पुसावे आणि मग बघावे. अंगणवाडीत महिन्याला वजन होते, त्याच दिवशी हे केले तर विसरायला होत नाही.

हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा

पुसल्यावर निघाला तर तो नुसता साका. रोज दात स्वच्छ करा, पुन्हा जमणार नाही. पुसूनही पट्टा तसाच राहिला आणि तो वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीला लागून असेल, तर ती किडीची पहिली पायरी समजावी. दातातली क्षारे झिजू लागली आहेत, पण खड्डा पडलेला नाही. पेरणीनंतर आठ दिवसांत तूट दिसली तर दुबार टोकणी करता येते, महिन्याने दिसली तर हंगाम जातो. तसा हा पांढरा पट्टा म्हणजे हातात असलेला वेळ आहे. गोड कमी केले, दात रोज घासले आणि दंतवैद्याने फ्लोराइडचा लेप दिला, तर हा दात पुन्हा टणक होऊ शकतो. या पायरीला आलेले लेकरू पाच-दहा मिनिटांत, दुखापत न होता मोकळे होते. दुर्दैवाने या पायरीला कुणीच येत नाही. लेकरू रात्रभर रडायला लागल्यावर मंडळी दवाखाना गाठतात.

खालच्या पुढच्या दातांना कीड उशिरा लागते. दूध पिताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळही तिथे भरपूर असते. म्हणून वरचे चार दात खराब आणि खालचे चांगले, असे दिसले तर बाटलीतले गोड दूध, रात्रीचा चहा, मध-गुळाचे बोट यांपैकी काहीतरी चालू आहे हे ओळखावे.

पिवळा-तपकिरी डाग आणि खड्डा

इथे कीड आत शिरली. दात मऊ पडतो, टवके निघतात, गोड किंवा गार लागले की लेकरू तोंड आखडते. ही कीड म्हणजे खरोखरचा किडा नव्हे. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात, ते आम्ल दात विरघळवते. एकदा गोड खाल्ले की पुढचा बराच वेळ हे आम्ल काम करत राहते. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. सणाला एकदाच पुरणपोळी खाणारे लेकरू बचावते, पण दिवसभर बिस्कीट-गोळी चघळणारे बचावत नाही.

गावोगावी अजून रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा पाडून दाखवणारे भेटतात. दातात किडा नसतोच, तर पडणार कुठून? धुरीने लेकराचे तोंड भाजण्याची भीती मात्र खरी. दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट धरायला देणे, मशेरी चोळणे, गोळी कुटून हिरडीवर लावणे हेही करू नये. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. लेकराच्या तोंडात तिला अजिबात जागा नाही.

काळे डाग: लोहाचे सिरप बंद करू नका

आता एक नाजूक बाब. रक्त कमी होऊ नये म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना लोह आणि फॉलिक ॲसिडचे सिरप दिले जाते. २०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिली अशी मात्रा ठरलेली आहे. आशाताई ही बाटली घरी आणून देतात. या सिरपाने काही लेकरांच्या दातांवर काळसर थर येतो. आई घाबरते, "औषधानं दात सडले" म्हणते आणि बाटली फळीवर जाते.

असे करू नका. हा डाग वरवरचा असतो. दात टणक असतो, त्यात खड्डा नसतो. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडावे, वरून दोन घोट पाणी पाजावे आणि दात ओल्या फडक्याने पुसावेत. चहाबरोबर तर देऊच नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. राहिलेला डाग दंतवैद्य घासून काढतात. डाग नंतरही निघेल, पण रक्त कमी राहिले तर लेकराची वाढ आणि बुद्धी मागे पडते. ते नुकसान भरून काढणे अवघड आहे.

काही लेकरांच्या हिरडीच्या कडेने ठिपक्याठिपक्यांची काळी रेघ दिसते आणि दात मात्र धड असतात. तीही तोंडातल्या एका प्रकारच्या जंतूंमुळे येते आणि धोक्याची नसते. पण वरवरचा काळा डाग कोणता आणि किडीचा कोणता, याचा निवाडा घरी करत बसू नये. एकदा दाखवून घ्यावे.

पडल्यावर दात राखाडी झाला

चालायला शिकणारे लेकरू ओट्यावरून, बाजेवरून, बैलगाडीच्या जूवरून तोंडावर पडते. रक्त थांबते, घरचे विसरतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तो एकच दात राखाडी-निळसर दिसतो. आतल्या रक्तवाहिनीला मार बसल्याची ती खूण. असा प्रत्येक दात काढावा लागत नाही. कित्येक तसेच राहून वेळेवर पडतात. पण मुळाशी पू होतो का यावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून दाखवणे जरूर आहे.

आपटून दुधाचा दात मुळासकट निघाला, तर तो परत बसवू नये. आतल्या पक्क्या दाताला इजा होते. मोठ्या मुलाचा पक्का दात निघाला तर मात्र उलट करावे. दात मुळाला न धरता वरच्या भागाला धरून उचलावा, दुधात ठेवावा आणि तासाभरात दवाखाना गाठावा. तो बसवता येण्याची आशा असते. हे शाळेतल्या गुरुजींनीही ध्यानात ठेवावे.

सगळ्याच दातांवर सारखे डाग

डाग एक-दोन दातांवर नसून डाव्या-उजव्या बाजूला जोडीजोडीने, सारखेच असतील, तर कारण दात तयार होताना घडलेले असते. लेकरू अपुऱ्या दिवसांचे जन्मले, आईला गरोदरपणी मोठा आजार झाला, जन्मानंतर जोराची कावीळ झाली (त्याने दात हिरवट दिसू शकतात), अशी अनेक कारणे आहेत. गरोदरपणी किंवा आठ वर्षांच्या आतल्या मुलाला टेट्रासायक्लिन जातीचे औषध दिले, तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे कायमचे उमटू शकतात. म्हणून मेडिकलच्या काउंटरवरून "मागच्या वेळची तीच गोळी द्या" म्हणून आणू नये. आणि याच यादीत पाण्याचाही नंबर लागतो.

पाण्याचा दोष किती?

आपल्याकडे दात पिवळे दिसले, की "बोअरच्या पाण्यानं झालं" असे म्हणायची रीत आहे. यात तथ्य आहे, पण ते समजून घ्यावे लागेल.

खडकातून फ्लोराइड नावाचा क्षार पाण्यात उतरतो. थोडा असला तर दाताला चांगला, जास्त झाला तर घातक. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम. देशात हा दोष पहिल्यांदा १९३७ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात नोंदला गेला. आपल्या राज्यात नांदेडचा किनवट तालुका, यवतमाळचा पांढरकवडा भाग, चंद्रपूर जिल्हा ही ठिकाणे यासाठी ओळखली जातात. केंद्रीय भूजल मंडळाने राज्यातल्या ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड नोंदले आहे, त्यांत जालन्याचेही नाव आहे. काही भागांत, सगळ्या जिल्ह्यात नव्हे, हे लक्षात घ्यावे. एका गावातल्या दोन बोअरचे पाणीसुद्धा वेगळे निघते.

२०१२-१३ चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपण केले. पाण्यासाठी बोअर खोल खोल गेले. कठीण खडकात खोलवर साठून राहिलेल्या पाण्यात क्षार जास्त असण्याचा संभव असतो. त्यामुळे विहिरीचे पाणी गोड होते म्हणून तिच्या शेजारच्या खोल बोअरचेही चांगलेच असेल, असे धरून चालता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. दुधाच्या दातांचा बराच भाग आईच्या पोटात असतानाच तयार होतो. म्हणून फ्लोराइडचे डाग दुधाच्या दातांवर कमी दिसतात. पुढच्या पक्क्या दातांची घडण जन्मापासून पुढे काही वर्षे हिरडीच्या आत चालू असते. म्हणजे आज दोन वर्षांचे लेकरू जे पाणी पिते, त्याचा डाग सातव्या-आठव्या वर्षी नवा दात वर आल्यावर दिसतो. तोवर फार उशीर झालेला असतो, तो डाग पुसून निघत नाही. फ्लोराइड फारच जास्त असेल आणि वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडे आणि सांधेही आखडतात.

यातून दोन गोष्टी निघतात. दोन वर्षांच्या लेकराचे वरचे चार दात काळे पडले असतील, तर दोष बहुधा बशीतल्या चहाचा आणि बाटलीचा आहे, तो पाण्यावर ढकलू नका. आणि गावातल्या आठ-दहा वर्षांच्या पुष्कळ मुलांच्या पक्क्या दातांवर सारखेच पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर पाणी तपासल्याशिवाय गप्प बसू नका. एक मात्र सांगून ठेवतो: नवा पक्का दात दुधाच्या दातापेक्षा थोडा पिवळसरच असतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

फ्लोराइड पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. क्लोरीनचे थेंब किंवा तुरटीचा खडा नुसता फिरवून ते निघत नाही. तुरटी आणि चुना ठरावीक मापाने वापरून फ्लोराइड काढायची 'नालगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी' संस्थेने बसवली आहे, पण ती जाणत्याच्या देखरेखीखालीच वापरावी. आरओ यंत्राने फ्लोराइड कमी होते. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे पिण्याला आणि स्वयंपाकाला निर्दोष विहिरीचे किंवा नळ योजनेचे पाणी वापरणे. दोषी बोअर धुण्याभांड्याला आणि जनावरांच्या गोठा धुण्याला ठेवावा.

दाखवायचे कधी?

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे साधारण लेकराच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दंतवैद्याला दाखवावे असे बालदंततज्ज्ञ सांगतात. "एवढ्याशा लेकराला दाताचा डॉक्टर?" असे वाटेल. पण लसीला आपण आजार व्हायची वाट पाहत नाही, तसेच हे. एवढे जमले नाही तरी पुढील बाबतीत हयगय नको.

त्याच दिवशी जावे: गालावर, जबड्याखाली किंवा डोळ्याखाली सूज आली, दातदुखीबरोबर ताप आहे, लेकरू पाणीही गिळत नाही, तोंड उघडत नाही, मार लागून दात हलतो किंवा हिरडीत घुसला. सूज गळ्याकडे उतरत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे. ही सूज जिवावर बेतू शकते.

आठ दिवसांच्या आत जावे: दातात खड्डा दिसतो, टवका उडाला, हिरडीवर पुळी येऊन पू येतो (दुखणे थांबले तरी), रात्री दात दुखून झोपमोड होते, पडल्यावर दाताचा रंग बदलला.

महिन्याभरात जावे: पुसूनही न जाणारा पांढरा पट्टा, कोणताही नवा पिवळा-तपकिरी-काळा डाग, दीड वर्ष होऊनही एकही दात नाही.

दवाखान्यात काय करतील, याची भीती बाळगू नका. प्रत्येक दात काढतच नाहीत. कीड उथळ असेल तर लेप किंवा सिमेंट भरतात. खोल असेल तर दुधाच्या दातालाही आतून साफ करून वाचवता येते. काही वेळा चांदीच्या क्षाराचे औषध, म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, नुसते ब्रशने लावतात. सुई नाही, यंत्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. त्याने किडलेला भाग काळा कुळकुळीत होतो. म्हणून डॉक्टरांनी दात बिघडवला असे समजू नये. काळा आणि टणक झाला म्हणजे कीड थांबली.

जायचे कुठे?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. तपासायच्या आजारांत दातांचे आजारही आहेत. पथक येईल त्या दिवशी लेकराला शेतात नेऊ नका, आणि "साहेब, दात बघा" असे तोंडाने सांगा. चिठ्ठी मिळाली तर ती डब्यात ठेवू नका. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाचा दंतवैद्य कोणत्या वारी बसतो, हे आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे एस.टी.चे भाडे वाया जाणार नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. मोठ्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर निघण्याआधीच लेकराचे तोंड दाखवून घ्यावे. फडावर सहा महिने अंगणवाडी तुटते आणि रडणाऱ्या लेकराला गप्प करायला चहा-बिस्कीटच हाताशी असते. तिथे दाढ सुजली तर कोयता खाली ठेवून अनोळखी गावात दवाखाना शोधावा लागतो. मजुरी बुडते ती वेगळीच.

घरी काय करायचे?

पहिला दात दिसला की सकाळी आणि झोपताना ओल्या फडक्याने किंवा लहान मऊ ब्रशने दात साफ करा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचे माहीत असलेल्या गावात पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. लेकराच्या हातात ब्रश देऊन मोकळे होऊ नका. स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता येईपर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यायचे असतात.

अंगावरचे दूध बंद करू नका. ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही द्यावे. फक्त दात आल्यावर रात्रीच्या पाजण्यानंतर ओले फडके फिरवा. बाटली मात्र शक्यतो नकोच, आणि साखरेचे दूध बाटलीत घालून लेकराला झोपवणे तर मुळीच नको. मोसंबीचा रस आपल्या जिल्ह्याचे वैभव. पण तो बाटलीतून दिवसभर चोखायला देऊ नका. रसातले आम्ल आणि साखर दोन्ही दाताला लागतात. लेकराला फोडी सोलून जेवणाच्या वेळेला द्या. मधल्या भुकेला बिस्किटाऐवजी भाकरीचा कुस्करा, केळे, उकडलेले अंडे, मऊ शिजवलेली उसळ द्या. एका चमच्याने मोठ्यांनी चाखून लेकराला भरवू नका, मोठ्यांच्या तोंडातले जंतू तसेच लेकराच्या तोंडात जातात.

आणि बशीतला चहा? तो बंदच करा. लेकराला चहाची गरज नाही. आजोबांनी मनावर घेतले तर आठ दिवसांत सवय मोडते.

सरपंच आणि ग्रामपंचायतीसाठी

घराचे काम घराने करावे, पण पाण्याचे काम एकट्या घराने होत नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक, आणि जलसुरक्षक यांनी पिण्याच्या प्रत्येक स्रोताचा रासायनिक तपासणी अहवाल काढून फलकावर लावावा. पाणी जंतुमुक्त असल्याचा दाखला वेगळा आणि फ्लोराइडचा आकडा वेगळा. हिरवे कार्ड मिळाले म्हणजे फ्लोराइड तपासले गेले असे समजू नये. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासणी संच देऊन महिलांना शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावाचा संच कुठे आहे, की कपाटात बंद आहे, हे पाहावे. त्यात फ्लोराइड जास्त दिसले, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करावी. नवा बोअर घेतला तर पाणी लोकांना चालू करण्याआधी तपासावे.

ग्रामसभेत दरवेळी रस्ता, गटार आणि घरकुलाची यादी निघते. येत्या सभेत दोन प्रश्न विचारा. आपल्या पाण्यात फ्लोराइड किती आहे? आणि बालस्वास्थ्य पथकाने मागच्या वेळी दाताच्या उपचारासाठी चिठ्ठी दिलेली किती लेकरे प्रत्यक्ष दवाखान्यात पोचली? ग्रामपंचायतीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंगणवाडीताई आणि आशाताई यांना बसवून काढले, तर एखादी जीप ठरवून दहा लेकरे एकाच दिवशी नेऊन आणता येतील.

दोन वर्षांच्या लेकराला दुखते कुठे ते सांगता येत नाही. ते एका बाजूनेच चावते, जेवणाला नाही म्हणते, रात्री किरकिरते, आणि आपण म्हणतो, "हट्टी झालंय." आज संध्याकाळी शेतातून आल्यावर हातपाय धुवा, लेकराला मांडीवर घ्या आणि दिव्याच्या उजेडात त्याचा वरचा ओठ वर करून बघा. पांढरा पट्टा दिसला, तर अजून वेळ आहे.